डब्यातली लडी

४ जानेवारी

रंगाच्या पुड्या विकणाऱ्या दुकानदाराने ही डायरी फुकट दिली. दिली होती ह्यांना. ह्यांनी ती खिडकी आपटू नये म्हणून फटीत खुपसली. म्हटलं, मग मीच लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, चुका होणार. वाचणार आहे कोण?

लिहिण्यासारखं आज एकच. मोठं काम आलं. विणकर येऊन गेला. मी त्याला मनात खांब म्हणते, कारण दारात उभा राहतो आणि कितीदा बसा म्हटलं तरी बसत नाही. थिएटरसाठी पडदा विणायचाय त्याला, विटकरी, अख्ख्या रंगमंचाचा. सूत आम्ही रंगवून द्यायचं. हंड्यात एका वेळी मावेल तेवढंच सूत रंगतं, तो एक घाणा. असे घाण्यामागून घाणे उन्हाळा संपेपर्यंत काढत बसायचं.

खांब म्हणाला, "पडद्यात दोन रंग दिसले तर लोक नाटक सोडून पडदाच बघतील."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडून दोन रंग गेलेत का कधी?"

"तुम्ही आहात म्हणून तर आलो, मावशी."

मी तिथेच उभी होते. हंडा ढवळणार मी, वाफेने तोंड भाजणार माझं. पण मावशी आहेत म्हणून आला. असो.

९ जानेवारी

पहिला घाणा निघाला. रंग सासूबाईंनी बसवला. एक चिमूट इथून, एक तिथून, मधेच जिभेने ओठ चाटतात आणि गप्प होतात, तेव्हा कुणी बोलायचं नाही. दोनदा फसला, तिसऱ्यांदा अस्सा उतरला की मलाही हात लावून बघावासा वाटला. पक्क्या भाजलेल्या विटेचा.

त्यातली एक लडी काळ्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातली. ही नमुन्याची. पुढचा प्रत्येक घाणा सुकला की उत्तरेच्या खिडकीत न्यायचा आणि ह्या लडीशी जुळवायचा. दुसऱ्या कशाशीही नाही. डबा माळ्यावर ठेवायचा. मी म्हटलं, खाली ठेवू या की, माझे गुडघे काय म्हणतायत बघा. तर म्हणाल्या, "खाली ठेवला तर येता-जाता उघडशील. उजेड लागून तीही उतरेल. मग कुणाशी जुळवणार? माझ्या तोंडाशी?"

तोंड काही विटकरी नाही त्यांचं, लालच आहे. ओरडून ओरडून.

१८ जानेवारी

दुसरा घाणा. खांबाला घाई होती म्हणून मी जरा ओलसर असतानाच बघायला घेतला. फाटकन चापट बसली हातावर.

"ओलं बघतेस? ह्या घरात येऊन केस पांढरे झाले तुझे, अजून ओलं बघतेस?"

हात लालभडक. ह्या वयात मार खायचा म्हणजे काय. ह्यांना दाखवला तर म्हणतात, "रंग लागला असेल." खरंच, एकाच हंड्यातले आहेत मायलेक.

६ फेब्रुवारी

आज गुडघा फारच धरला होता. घाणा सुकला. मागच्या घाण्याच्या लड्या अजून दांडीवरच होत्या, खांबाने नेल्या नव्हत्या. नवी लडी त्यांच्याशेजारी धरली. उन्नीस-बीससुद्धा नाही, अगदी तोच रंग. मग कशाला चढायचं माळ्यावर? तो घाणा डब्यातल्या लडीसारखा, हा त्या घाण्यासारखा, म्हणजे झालंच की.

सासूबाई आल्या. मी हात मागे घेऊन उभी राहिले, आता बसते म्हणून. त्यांनी दोन्ही लड्या हातात घेतल्या, बघितल्या आणि म्हणाल्या, "आहे की सारखा." गेल्या. डबा विचारलाच नाही.

बरं वाटलं. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात ते खरं असावं.

२१ फेब्रुवारी

पुन्हा डब्याशिवाय जुळवला. पुन्हा काही बोलल्या नाहीत. सासूबाईंचा चहा झाला, कप धुऊन पालथा घातला, आणि थोड्या वेळाने म्हणतात, "आज मला चहा नाही वाटतं?" दिला दुसरा. चहाने काय होतंय. ओरडत नाहीत, त्यापुढे एक चहा काहीच नाही.

११ मार्च

खिडकीत बसून सासूबाईंनी विचारलं, "एवढं विटकरी चाललंय कुणाचं?"

मी म्हटलं, "खांबाचं."

"कोण खांब?"

मलाच हसू आलं. ते नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं, त्यांना कुठून कळणार. सांगितलं, विणकराचं. "हो का," म्हणाल्या. जरा वेळाने परत विचारलं. एका जागी बसून कंटाळतात, दुसरं काय.

२ एप्रिल

वन्संचा फोन. त्या लांब असतात, वर्षातून एकदा येणं होतं. माझ्याशी बोलायचं असलं की आधी आईची चौकशी, मग माझी, तीही वेळ उरला तर.

"वहिनी, आई कशी आहे?"

"कालच्यासारखी."

"आणि काल कशी होती?"

"परवासारखी. वन्सं, हंडा उकळतोय माझा."

खोटं काय त्यात? स्वेटर उलटा घातला होता आज, पण तो मीही घालते अंधारात.

१९ मे

शेवटचा घाणा गेला. सुटले. खांबाने लडी उजेडात धरली आणि मान हलवली. "मावशी आहेत तोवर काळजी नाही."

सासूबाई हसल्या नुसत्या. पूर्वी अशा वेळी काहीतरी टोमणा मारायच्या. मी आत जाऊन पाणी प्यायले. मग आणखी एक पेला भरून प्यायले. का, ते कळलं नाही. थकले असेन.

१४ जून

खांब आज बसला. न सांगता, हंड्याजवळच्या स्टुलावर. 

पडद्याचे दोन भाग असतात, एक डावीकडून येतो, एक उजवीकडून, मधे मिटतात. ह्याने विणायला सुरुवात मधून केली. डावा भाग मधून बाहेर विणत गेला, तो झाल्यावर उजवा बाहेरून आत विणत आला. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्याला जोडला, कुठे काही दिसलं नाही. काल पडदा टांगला आणि पहिल्यांदा ओढला. पहिला पट्टा आणि शेवटचा पट्टा शेजारी आले. वरपासून खालपर्यंत मधोमध रेघ. डावीकडे वीट, उजवीकडे भाजून करपलेली लाकडं.

"बाकी कुठेही रेघ नाही," खांब म्हणाला. "मी शिडी लावून बघितलं. फक्त मिटतो तिथे."

हे म्हणाले, "असं होईलच कसं? प्रत्येक घाणा आईच्या हाताखालून गेलाय."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या स्वेटरची बटणं लावत होत्या, एक घर सोडून. आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघून त्या घाबरल्या. मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल."

त्यांना आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणून मान्य केलं. हे मला त्याच वेळी कळलं. तोंडही उघडलं होतं मी. मग मिटलं. ढवळायची काठी हातात होती, तिला फडकं घासत बसले.

१५ जून

ह्यांनी रंगखोलीला कुलूप लावलं. "आईला आता आत येऊ द्यायचं नाही. नजर गेली तिची."

सासूबाई सकाळी बाह्या वर करून कुलपासमोर उभ्या होत्या. कुणी लावलं, असंही विचारलं नाही. उभ्या राहून परत गेल्या. मग पुन्हा आल्या.

जेवण उतरत नाही.

१८ जून

वन्सं आल्या. ह्यांनीच बोलावून घेतलं. सासूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कोण हवंय तुम्हाला?" मग वन्संचा चेहरा बघून हसल्या, "गंमत केली गं." हेही हसले. वन्सं हसल्या नाहीत. बॅग हातातच राहिली त्यांच्या.

मग स्वयंपाकघरात मला गाठलं.

"वहिनी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई अशी."

"अशी म्हणजे कशी? कालही अशाच होत्या."

"आणि परवा?"

"परवाही."

"आणि मी मागच्या वर्षी आले होते तेव्हा?"

मी नळ सोडला. भांडं नव्हतं खाली, तरी सोडला.

२० जून

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सासूबाईंना वार विचारला, चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं. सासूबाईंनी सगळे आकडे एकाच बाजूला काढले. मग आम्हाला विचारलं, कधीपासून? हे म्हणाले, पडद्याचं झालं तेव्हापासून. वन्सं म्हणाल्या, त्याच्या खूप आधीपासून. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दिवसभर त्यांच्यासोबत असता ना?"

मी म्हटलं, "हल्लीच."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चष्मा कुठे ठेवला ते विसरलं म्हणून कुणी आजारी होत नाही. त्यात आणखी एक गोष्ट विसरली म्हणूनही नाही. आणखी एक, तरी नाही. बरोबरच्या माणसाला कुठल्याच दिवशी वाटत नाही की आज झालं."

मला सोडवायला बोलल्या बिचाऱ्या. त्यांना काय माहीत, मला काय काय वाटलं होतं ते.

परत येताना सासूबाईंनी माझं कोपर धरलं. "कोण आजारी आहे गं?"

वन्संनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "मी."

"मग पडून राहा चार दिवस. हंड्याचं मी बघते."

२३ जून

ठरलं. रविवारी वन्सं त्यांना घेऊन जाणार. वन्संचं घर चौथ्या मजल्यावर, तिथे ना हंडा ना दांडी ना उत्तरेची खिडकी. हे म्हणाले, "इथे राहून करणार काय ती? पडद्याचं बघितलंस ना?"

जो तो पडद्याचंच सांगतो. सासूबाई विसरतात, ते वेगळं. पण रंगखोली बंद झाली ती पडद्यामुळे. एवढी वर्षं काम केलं आणि शेवटी काय, तर आईच्या नजरेने पडदा बिघडवला.

दिवसभर मी मनाशी वकिली केली. म्हटलं, दुसरा घाणा पहिल्यासारखा होता. तिसरा दुसऱ्यासारखा. चौथा तिसऱ्यासारखा. एकही घाणा चुकलेला दाखवा मला. नाही दाखवता येणार. मग कुणाचं काहीच चुकलं नाही. त्या विचारावर चार घास गेले पोटात.

मग रेघ दिसली डोळ्यांपुढे. रेघ आहे ना. चूक कुठेच नाही आणि रेघ आहे, असं कसं?

२५ जून

विणकराकडे गेले. ह्यांना सांगितलं, बाजारात जाते.

त्याने मागासमोर जमिनीवर उरलेल्या सुताच्या गुंड्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येक घाण्याची एक. बहुतेक रोजच बघत असावा. म्हणाला, "बरं झालं आलात, वहिनी. उसवायचं तर आहेच. फक्त सांगा, कुठून उसवू?"

मी उकिडवी बसले. त्याने पहिल्या गुंडीवर बोट ठेवलं. "हा विटकरी?"

"हो."

"हा?"

"तोही."

"आणि हा?"

"अहो, सारखेच आहेत, काय प्रत्येकाला विचारताय!"

"मग हा?" बोट शेवटच्या गुंडीवर नेलं त्याने.

"हा तपकिरी."

"मग मधे कुठे बदलला?"

मी परत सुरुवात केली, ह्या टोकाकडून. तपकिरी, तपकिरी, तपकिरी... आणि पहिल्यापर्यंत पोचले तरी मला थांबता येईना. जिथे थांबावं तिथे शेजारची गुंडी म्हणायची, मी काय वेगळी आहे? डोकं फुटायची वेळ आली.

"मला काय विचारता!" मी खेकसले.

"मावशींनाच विचारलं असतं," तो हळूच म्हणाला. "पण त्यांची नजर..."

"त्यांच्या नजरेला काही म्हणू नका. नमुन्याची लडी त्यांच्यासमोर गेलीच नाही. डबा मी खाली काढलाच नाही. प्रत्येक घाणा मागच्या घाण्याशी लावला मी. माझा गुडघा दुखत होता."

गुडघा दुखत होता! एवढंच निघालं तोंडातून. एवढा मोठा पडदा, आणि गुडघा.

त्याने शेवटची गुंडी उचलून हातात फिरवली. मग म्हणाला, "कधीपासून?"

परत तेच. सगळ्या जगाने मला हेच विचारायचं ठरवलंय. मी सांगणार होते, फेब्रुवारीपासून. सोपं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा डबा काढला नाही. पण मग आठवलं, त्याच्या आधीच्या वेळी काढला होता तरी फडकं पुरतं सोडलं नव्हतं, कोपरा उचलून बघितलं होतं. आणि त्याच्याही आधी खिडकीत न जाता दिव्याखाली बघितलं होतं. आळससुद्धा एका दिवसात नाही आला मला. माझी चूकही ह्या गुंड्यांसारखीच, कुठून सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता येईना.

तरी बोट ठेवलं. पहिल्या गुंडीनंतर लगेच.

"ह्याच्या पुढचं सगळं."

"वहिनी! दुसरा तर अगदी सारखा दिसतोय."

"सारखा दिसतोय म्हणूनच."

"असं करू," तो म्हणाला, "उजवा भागच उसवतो. डाव्यातला फरक कुणाच्या बापाला दिसणार नाही."

"मी फेब्रुवारीपासून हेच म्हणत आले! सगळं उसवा. मी सगळं परत रंगवून देते, प्रत्येक घाण्याला माळ्यावर चढून. कुठूनतरी धरायचंच आहे ना? मग इथून धरा!"

"बरं, बरं. ओरडता काय? मावशींसारख्या."

परत येताना रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. रडले नाही. नाक तेवढं वाहत होतं.

२६ जून

घरी सांगितलं. हे, वन्सं, दोघांना समोर बसवून. सासूबाई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या.

ऐकून ह्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आईला काही झालेलं नाही?"

मला वाटलं नव्हतं असं विचारतील. एक "हो" म्हटलं असतं तर माझी चूक कबूल करूनही मी चांगली ठरले असते. जिभेवर आलं होतं.

"नाही," म्हटलं. "पडदा माझ्यामुळे गेला. पण आई बऱ्या नाहीत. पूर्वीच्या आई असत्या तर डबा नाही म्हटल्यावर काठीने बडवलं असतं मला. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच काय ते कळायला हवं होतं. कळलं नाही असं तरी कसं म्हणू? ओरडत नव्हत्या, मला बरं वाटत होतं. दुसरा चहा मागायच्या, मी देत होते. स्वस्तात सुटत होते मी."

वन्सं रडायला लागल्या. मग रडता रडता भडकल्या. "मी फोनवर विचारायचे, तू सांगायचीस कालच्यासारखी!"

"होत्याच कालच्यासारख्या."

"काल कशाला सांगत होतीस मला? मला माझी आई कशी आहे ते हवं होतं!"

 ह्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेले. अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, आईला नेत नाही. माझ्या घरात तिला एकही वस्तू ओळखीची नाही, इथे निदान हंडा आहे. पण मी येत जाणार, वर्षाने नाही, मधून मधून. "तू रोज बघतेस, वहिनी. तुला दिसायचं नाही. मी बघेन."

झोंबलं मला. पण बरोबर आहे. माझ्यावर रोजचा उजेड पडलाय. लांब, माळ्यावर राहिलेली लडीच कामाची.

३ जुलै

नव्याने काढलेला पहिला घाणा सुकला. माळ्यावर चढले, डबा काढला. सासूबाईंना हात धरून उत्तरेच्या खिडकीत बसवलं. फडकं पुरतं सोडलं.

त्यांनी लडी हातात घेतली. खूप वेळ बघितली, ओठ चाटले.

"कुणाचा गं हा रंग?"

"तुमचा."

"माझा?" खूश झाल्या. "छान आहे."

मग दुसऱ्या हातात माझा घाणा दिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "आहे की सारखा."

 सारखा नव्हता. केसभरच मळका होता, पण होता.

"नाही आई. नीट बघा."

"मला काय सांगतेस बघायला? तुला डोळे नाहीत?" आणि हातावर चापट मारली.

मी उभीच राहिले. वाटलं, आल्या. आहेत अजून. ह्यांना हाक मारायला तोंडही उघडलं.

मग हात खिडकीत धरला. जानेवारीतली चापट आठवते मला, हात लालभडक झाला होता. उजेडात उलटासुलटा करून बघितला. लाल झाला नव्हता.

घाणा परत हंड्यात टाकला.